नेताजींच्या विमानाचं एकच इंजिन गेलं होतं, मग दुसऱ्या इंजिनावर ते तरलं का नाही?

दर २३ जानेवारीला आणि दर १८ ऑगस्टला सोशल मीडियावर एक वाद हमखास रंगतो. नेताजी सुभाषचंद्र बोस विमान अपघातात गेले की नाही? या वादात कुणीतरी एक साधा प्रश्न टाकतोच. विमानाला दोन इंजिनं होती ना? मग एक गेलं तर दुसऱ्यावर ते खाली उतरवता आलं नसतं का? आणि विमान कोसळलंच, तर त्यातले काही लोक जिवंत कसे राहिले?

प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं उड्डाणाच्या गणितात सापडतात. पण नेताजी त्या विमानात बसले कसे, हे कळायला आधी त्यांचं आयुष्य बघावं लागतं. हातातली सुरक्षित जागा सोडून बेभरवशाच्या वाटेला लागणं हे त्यांनी काही १९४५ साली पहिल्यांदा केलं नव्हतं.

जन्म २३ जानेवारी १८९७, ओडिशातलं कटक. वडील जानकीनाथ नावाजलेले वकील, घरात चौदा भावंडं, सुभाष नववे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना १९१६ साली ओटन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाला विद्यार्थ्यांनी चोप दिला. त्या प्रकरणात सुभाषबाबूंना कॉलेजातून काढून टाकलं. दुसऱ्या कॉलेजातून पदवी घेतली, केंब्रिजला गेले आणि १९२० मध्ये आयसीएसच्या परीक्षेत चौथे आले. त्या काळी आयसीएस म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पण पुढच्याच वर्षी त्यांनी राजीनामा देऊन टाकला.

विलायतेहून परतताना त्यांचं जहाज १६ जुलै १९२१ ला मुंबईला लागलं. त्याच दिवशी दुपारी ते मणिभवनात गांधीजींना भेटायला गेले. चळवळीचा नेमका आराखडा काय, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. समाधान पूर्ण झालं नाही. कलकत्त्याला जाऊन त्यांनी देशबंधू चित्तरंजन दासांना गुरू मानलं. पुढे कलकत्ता महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, मग मंडालेचा तुरुंग, मग महापौरपद, पुन्हा तुरुंग. हे चक्र वर्षानुवर्षं चाललं.

महाराष्ट्राशी त्यांचा आणखी एक धागा तुरुंगाचाच आहे. जानेवारी १९३२ च्या सुरुवातीला मुंबईहून परत निघालेल्या सुभाषबाबूंना कल्याण स्टेशनवर अटक झाली आणि मध्य प्रांतातल्या सिवनीच्या तुरुंगात नेऊन ठेवलं. सिवनी म्हणजे भंडारा-नागपूरकरांच्या दृष्टीने शेजारचंच गाव. तिथे तब्येत ढासळत गेली आणि अखेर १९३३ साली उपचारांसाठी युरोपला जाण्याची परवानगी मिळाली.

विमान प्रवासाचा त्यांचा एक अनुभवही याच काळातला. १९३४ च्या अखेरीस वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. जहाजाने फार वेळ लागला असता, म्हणून ते विमानाने निघाले. तरी पोचेपर्यंत वडील गेलेले होते.

१९३८ साली हरिपुराला ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९३९ मध्ये गांधीजींच्या पसंतीचे उमेदवार पट्टाभी सीतारामय्या यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवून पुन्हा निवडून आले. जबलपूरजवळच्या त्रिपुरी अधिवेशनात ते इतके तापाने फणफणलेले होते, की त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं. कार्यकारिणीचा तिढा काही सुटला नाही. एप्रिलमध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि मे महिन्यात फॉरवर्ड ब्लॉक काढला. पुढच्या वर्षी जूनमध्ये फॉरवर्ड ब्लॉकचं अखिल भारतीय अधिवेशन भरलं ते नागपूरला. कलकत्त्याहून नागपूरकडे येणारा बंगाल-नागपूर रेल्वेचा मुख्य मार्ग गोंदिया आणि भंडारा रोडवरूनच जातो, त्यामुळे या पट्ट्यात त्या अधिवेशनाची हवा होतीच. तिथून ते मुंबईला जाऊन सावरकरांना भेटले. २ जुलैला कलकत्त्यात पुन्हा अटक.

तुरुंगात त्यांनी उपोषण सुरू केलं. प्रकृती इतकी बिघडली, की सरकारने त्यांना घरी सोडलं आणि घराभोवती पहारा बसवला. १६-१७ जानेवारी १९४१ च्या रात्री पठाणी वेशात ते त्या पहाऱ्यातून निसटले. पुतण्या शिशिर गाडी चालवत होता. गोमोह स्टेशनवरून रेल्वेने पेशावर, मग काबूल. तिथे ओरलांडो मात्सोता या इटालियन नावाचा पासपोर्ट मिळाला. मॉस्कोमार्गे एप्रिलमध्ये ते बर्लिनला पोचले.

जर्मनीकडून फारसं काही होणार नाही, हे दोन वर्षांत कळलं. फेब्रुवारी १९४३ मध्ये एमिली शेंकल आणि जेमतेम अडीच महिन्यांची मुलगी अनिता यांना मागे ठेवून ते कील बंदरातून यू-१८० या पाणबुडीत बसले. सोबत आबिद हसन. आफ्रिकेला वळसा घालून मादागास्करजवळ भर समुद्रात, खवळलेल्या लाटांवर, रबरी होडीतून ते जपानच्या आय-२९ या पाणबुडीत गेले. आग्नेय आशियात पोचायला एकूण तीन महिने लागले. इतका जोखमीचा प्रवास केलेल्या माणसाला एका जुन्या बॉम्बरमध्ये दाटीवाटीने बसणं किती किरकोळ वाटलं असेल, हे लक्षात घ्यायला हवं.

जुलै १९४३ मध्ये सिंगापूरला त्यांनी चळवळीची सूत्रं हाती घेतली. २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकार स्थापन झालं. १९४४ ची इंफाळ मोहीम, पाऊस, उपासमार, माघार. हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. एप्रिल १९४५ मध्ये रंगून सोडताना झाशीची राणी रेजिमेंटच्या मुली सोबत होत्या. त्या चालत आहेत तोवर आपण गाडीत बसणार नाही, म्हणून नेताजीही पायाला फोड येईपर्यंत चालले.

ऑगस्टच्या मध्यावर जपानने शरणागती पत्करली. आता सोव्हिएत रशियाशी संधान बांधावं, असा त्यांचा विचार होता. १६ ऑगस्टला ते सिंगापूरहून बँकॉकला आले. तिथे आझाद हिंद सेनेची जबाबदारी सावंतवाडीकडचे मेजर जनरल जगन्नाथराव भोसले यांच्याकडे होती. १७ तारखेला नेताजी सायगावला पोचले आणि तिथे अडचण उभी राहिली. जपान्यांकडे त्यांच्यासाठी वेगळं विमान नव्हतं. लेफ्टनंट जनरल शिदेई मांचुरियाला निघाले होते, त्यांच्या विमानात फक्त एक जागा देता येईल असं सांगितलं गेलं. बरीच घासाघीस होऊन दोन जागा मिळाल्या. दुसऱ्या जागेवर कर्नल हबीबुर रहमान आले. आबिद हसन, एस. ए. अय्यर आणि बाकीचे सहकारी मागे राहिले.

इथून पुढची हकीकत मुख्यतः १९५६ च्या शाहनवाज समितीसमोर आणि नंतरच्या खोसला आयोगासमोर आलेल्या साक्षींवर उभी आहे.

विमान होतं मित्सुबिशी की-२१. दोन इंजिनांचं जपानी बॉम्बर, जास्तीत जास्त वजन सुमारे साडेदहा टन. त्यात आता बारा-तेरा माणसं होती. बसायला धड खुर्च्या नव्हत्या. निघताना लोकांनी आझाद हिंदसाठी दिलेल्या दागिन्यांच्या दोन बॅगा आल्या, तेव्हा विमान आधीच जड झालंय म्हणून कुरकुर झाली. नेताजींनी त्या बॅगा सोडल्या नाहीत. सायगावहून उडताना विमानाने जवळपास सगळी धावपट्टी खाल्ली.

रात्रीचा मुक्काम व्हिएतनाममधल्या तुरान, म्हणजे आताच्या दा नांग इथे झाला. सायगावचं उड्डाण बघून वैमानिकांना शहाणपण सुचलं होतं. त्यांनी विमानावरच्या मशीनगन, काडतुसं आणि जास्तीचं सामान उतरवलं. साधारण सहाशे किलो वजन कमी झालं. १८ तारखेचं तुरानचं उड्डाण नीट झालं. हवा चांगली म्हणून मधला थांबा गाळून विमान थेट तैवानमधल्या ताइहोकूला, म्हणजे आजच्या तैपेईला उतरलं.

बॅगांनी घात केला, असं पुढे बऱ्याच ठिकाणी लिहिलं गेलं. पण साडेदहा टनांच्या हिशोबात दोन बॅगांचं वजन ते किती! खरं ओझं इंधनाचं. उडताना विमान सर्वात जड असतं ते टाक्या भरल्यावर, आणि ताइहोकूला पुढच्या लांब पल्ल्यासाठी इंधन भरलं गेलं होतं.

तिथे इंजिनांची चाचणी घेताना डाव्या इंजिनात काहीतरी गडबड आहे, असं जमिनीवरच्या देखभाल अधिकाऱ्याला, कॅप्टन नाकामुरांना जाणवलं. इंजिन नवंच आहे, असं वैमानिकाचं म्हणणं पडलं. थोडी दुरुस्ती झाली, पुन्हा चाचणी झाली, सगळ्यांचं समाधान झालं. दुपारी अडीचच्या सुमारास विमान धावू लागलं.

नाकामुरांनी पुढे दिलेली साक्ष या सगळ्या प्रकरणातला सर्वात बोलका कागद आहे. धावपट्टी ८९० मीटरची. अशा जड बॉम्बरची शेपटी साधारण अर्ध्या धावपट्टीवर जमिनीवरून उचलली जाते. या विमानाची शेपटी तीन चतुर्थांश धावपट्टी संपली तरी खालीच होती. त्यानंतर पन्नासेक मीटरवर चाकं सुटली आणि विमान एकदम उभं चढू लागलं. क्षणात ते डावीकडे कललं आणि त्यातून काहीतरी खाली पडलं. तो पंखा होता, असं नंतर कळलं. विमान तीस-चाळीस मीटरवरून खाली आलं आणि धावपट्टीच्या टोकापासून सुमारे शंभर मीटरवर आदळून पेटलं.

आता हे आकडे मांडून बघा. ८९० चे तीन चतुर्थांश म्हणजे सुमारे ६७०. त्यात पन्नास मिळवले की ७२०. म्हणजे विमान उचललं गेलं तेव्हा पुढे जेमतेम १७० मीटर उरले होते. पूर्ण भरलेलं बॉम्बर तेवढ्यात पुन्हा टेकवून थांबवणं शक्य नव्हतं.

आजच्या प्रवासी विमानांत ही वेळ येऊ नये म्हणून उड्डाणाआधीच तीन वेग काढलेले असतात. पहिला व्ही-वन, निर्णयाचा वेग. तो गाठण्याआधी इंजिन गेलं तर ब्रेक मारून धावपट्टीवरच थांबायचं. तो ओलांडल्यावर गेलं तर थांबायचा विचारही करायचा नाही, उरलेल्या इंजिनावर उडायचं. दुसरा व्ही-आर, म्हणजे नाक उचलायचा वेग. तिसरा व्ही-टू, एका इंजिनावर सुरक्षित चढता येईल असा वेग. दोन इंजिनांच्या जेट विमानाला एक इंजिन बंद असताना आणि चाकं आत घेतलेली असताना दर शंभर मीटरमागे किमान २.४ मीटर वर चढता आलंच पाहिजे, असा नियम आहे. तापमान वाढलं की हवा विरळ होते, इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. म्हणून नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत हे गणित जमेना, तर माणसं किंवा सामान खाली ठेवावं लागतं. युद्धातल्या बॉम्बरला असले नियम नव्हते. बॉम्ब किंवा माणसं भरायची आणि निघायचं.

पण एक इंजिन गेलं तर निम्मी ताकद उरतेच की, मग निम्म्या वेगाने का होईना विमान चढायला नको का? तर नाही. समजा, एकेक इंजिन १०० ताकद देतं. दोन मिळून २००. जड विमान उंची न गमावता नुसतं पुढे नेण्यातच ९० खर्च होतात. वर चढायला उरतात ११०. आता एक इंजिन गेलं. उरले १००, खर्च तोच ९०, शिल्लक १०. म्हणजे ताकद निम्मी झाली, पण चढण्याची क्षमता अकरा पटींनी घटली. त्यात मेलेल्या बाजूचा वाऱ्याला अडथळा आणि खाली लोंबणारी चाकं धरली, की ते दहाही जातात आणि विमान खाली यायला लागतं. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण हिशोब असाच चालतो.

दुसरा घोळ दिशेचा. बैलगाडीचा एक बैल बसला तर गाडी हळू सरळ चालत नाही, ती बसलेल्या बैलाच्या अंगाला वळते. विमानाचंही तेच. डावं इंजिन गेलं की उजवं इंजिन विमानाला डावीकडे फिरवतं आणि डावा पंख खाली जातो. हे शेपटीवरच्या रडरने सावरायचं असतं. पण रडरला जोर मिळतो तो वाऱ्याच्या वेगातून. एका ठरावीक वेगाच्या खाली पाय पूर्ण दाबला तरी रडर पुरा पडत नाही. अशा वेळी चालू इंजिनच विमानाला उलटं करायला निघतं. ते टाळायला चालू इंजिनाची ताकद कमी करावी, तर विमान खाली येतं. ताइहोकूचं विमान उशिरा उचललं गेलं आणि उभं चढलं, म्हणजे वेग बेताचाच होता. त्यात पंखा आणि साक्षींप्रमाणे डावं इंजिनही निखळून पडलं, तेव्हा वजनाचा तोलही एका क्षणात बदलला. तीस-चाळीस मीटर उंचीवर वैमानिकाच्या हाती काही सेकंद असतात. उजवं इंजिन चालू होतं, पण त्याचा उपयोग होण्याची वेळ निघून गेली होती.

हे आज शिकवलं जातं ते भंडाऱ्याच्या अगदी जवळ. गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं. तिथली बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. आता तिथे वैमानिक घडवले जातात. अशा प्रशिक्षणात दोन इंजिनांच्या छोट्या विमानात वेग दाखवणाऱ्या काट्यावर एक लाल रेघ आणि एक निळी रेघ असते. लाल रेघेखाली एका इंजिनावर विमान ताब्यात राहत नाही. निळी रेघ म्हणजे एका इंजिनावर सर्वात चांगलं चढवणारा वेग. प्रशिक्षक सुरक्षित उंचीवर मुद्दाम एक इंजिन मंद करतो आणि शिकणाऱ्याला ती निळी रेघ सांभाळायला लावतो.

विदर्भाने ही वेळ जवळूनही बघितली आहे. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून उडालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या डकोटाला उड्डाणानंतर लगेच एका इंजिनाने दगा दिला. विमानात १४ जण होते, १३ गेले. त्यात कामगार नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. डकोटासुद्धा दोन इंजिनांचंच विमान.

ताइहोकूत काही लोक वाचले यात नवल वाटण्यासारखं काही नाही. विमान दोनेक हजार मीटरवरून पडलं असतं तर कुणी उरलं नसतं. इथे उंची दहा-बारा मजली इमारतीएवढी होती. जनरल शिदेई आणि पुढे बसलेले वैमानिक जागीच गेले. मागच्या भागातले काही जण वाचले. म्हणजे कोण जगलं आणि कोण गेलं, हे बरंचसं कोण कुठे बसलं होतं यावर ठरलं. नेताजींची जागा इंधनाच्या टाकीजवळ होती. त्यांच्या कपड्यांवर पेट्रोल उडालं. मागचं दार सामानाने अडलं होतं, म्हणून पुढच्या बाजूने, आगीतूनच बाहेर पडावं लागलं. हबीबुर रहमान यांनी त्यांचे पेटते कपडे काढायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचेही हात भाजले. नानमोन लष्करी रुग्णालयात डॉ. योशिमी यांनी उपचार केले. साक्षींनुसार रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान नेताजींचा मृत्यू झाला. अंत्यसंस्कार तैवानमध्येच झाले. सप्टेंबरमध्ये अस्थी टोकियोच्या रेनकोजी मंदिरात ठेवल्या गेल्या.

हे सगळ्यांनी मान्य केलं असं नाही. शाहनवाज समितीत नेताजींचे भाऊ सुरेशचंद्र बोस सदस्य होते, त्यांनी वेगळा अहवाल दिला. समितीला तैवानला जाताच आलं नव्हतं. १९७० ते ७४ च्या खोसला आयोगाने अपघात आणि मृत्यू मान्य केला. न्यायमूर्ती मुखर्जी आयोगाने २००५ मध्ये उलट निष्कर्ष काढला: मृत्यू विमान अपघातात झाला नाही आणि रेनकोजीतल्या अस्थी त्यांच्या नाहीत. त्या दिवशी ताइहोकूला अपघात झाल्याची नोंद तैवानकडे नाही, हा त्यातला एक मुख्य आधार होता. २००६ मध्ये केंद्र सरकारने तो अहवाल स्वीकारला नाही.

उड्डाणाचं गणित या वादाचा निकाल लावू शकत नाही. पण दोन इंजिनांचं विमान असं पडूच शकत नाही, हा मुद्दा मात्र वादातून काढून टाकावा लागतो. जड विमान, तोकडी धावपट्टी, डावं इंजिन आणि बेताचा वेग, एवढं एकत्र आलं की काय होतं, हे नाकामुरांच्या साक्षीत तंतोतंत दिसतं.

रेनकोजीतल्या अस्थींची डीएनए चाचणी करून त्या भारतात आणाव्यात, अशी मागणी नेताजींच्या कन्या अनिता बोस फाफ यांनी अनेकदा केली आहे. वडिलांना पाणबुडीत बसून जाताना पाहण्याइतकंही त्यांचं वय तेव्हा नव्हतं.